आधी तबकड्या मोजा, मग प्लेअर घ्या

प्रश्न : कर्वेनगरहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. घरात ८२ वर्षांचे सासरे आहेत. संध्याकाळी एखादं नाटक नाहीतर कीर्तन लावून बसायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. घरात दीडेकशे सीडी-डीव्हीडी आहेत : विकत घेतलेली नाटकं, कीर्तनं, शिवाय लग्न-मुंजीची चित्रणं. जुना प्लेअर आधी अधूनमधून 'नो डिस्क' दाखवायचा, आता त्याचा ट्रेच उघडत नाही. दिवाळीत ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला, तर त्याला मागे पिवळी-पांढरी-लाल भोकंच नाहीत. मुलगा म्हणतो, सगळं यूट्यूबवर आहे, टाकून द्या ते. दुकानदार म्हणतो, एवढा टीव्ही घेतलात तर अपस्केलिंगवाला (लहान चित्र मोठ्या पडद्यासाठी वाढवून देणारा) भारीतला प्लेअर घ्या. बजेट तीन हजारांचं आहे. 'कोणता घेऊ? मुळात घेऊ का? मुलाच्या मुंजीची डीव्हीडी तर सापडतही नाही, मग एवढा जीव कशाला अडकवायचा, असंही वाटतं.'

उत्तर : प्लेअर घ्या. साधा, एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरने नेणारी जोडणी) असलेला आणि तुमच्या बजेटात बसणारा. मात्र दुकानात जाण्याआधी एका दुपारी सगळ्या तबकड्या जेवणाच्या टेबलावर काढा. सासऱ्यांनाही शेजारी बसवा. कोणता प्लेअर घ्यायचा, हे टीव्हीपेक्षा त्या तबकड्याच जास्त ठरवणार आहेत.

'दीडेकशे सीडी-डीव्हीडी' असं तुम्ही एका दमात लिहिलं आहे. घरोघरी असंच म्हणतात, पण त्यात तीन जाती आहेत आणि त्या वेगळ्या काढाव्या लागतील. पहिली व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओ भरलेली सीडी. एक नाटक दोन किंवा तीन तबकड्यांत विभागलेलं असेल तर ती बहुतेक व्हीसीडीच, कारण तिच्यावर ७४ ते ८० मिनिटांपेक्षा जास्त मावत नाही. दुसरी छापील डीव्हीडी. तिच्यावर अख्खं नाटक एकाच तबकडीत येतं आणि खालची बाजू चंदेरी असते. तिसरी म्हणजे फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर 'राइट' करून दिलेली डीव्हीडी. तिची खालची बाजू जांभळट दिसते. तिन्ही ढीग मोजून आकडे कागदावर लिहा. लग्न-मुंजीचा जांभळा ढीग वेगळ्या डब्यात ठेवा, त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

हे वर्गीकरण का, तर व्हीसीडीचा ढीग मोठा निघाला तर काही पर्याय आपोआप बाद होतात. ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या तबकड्यांचे प्लेअर डीव्हीडी लावतात, पण त्यातल्या अनेकांना व्हीसीडी चालत नाही. नातवाचा डिस्कवाला गेम कन्सोलही डीव्हीडी दाखवेल, व्हीसीडीला हात लावणार नाही. म्हणजे 'भारीतला घेतला की सगळं चालेल' हे इथे उलटं आहे. खोक्यावर डीव्हीडीसोबत 'व्हीसीडी' असं स्पष्ट छापलेला साधा प्लेअरच तुमच्या कामाचा.

आता मुलाचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याचा उपयोग करून घ्या. सासरे वारंवार लावतात अशी वीसेक नावं त्यांनाच विचारून लिहा आणि मुलाला ती यूट्यूबवर शोधायला सांगा. काही नाटकं तिथे चांगल्या प्रतीत मिळतील, काही अर्धवट तुकड्यांत, काही मिळणारच नाहीत. तुमच्या घरच्या लग्नाची चित्रणं तर कुठेच नसणार. दुसरं असं, की ८२ वर्षांच्या माणसाला तबकडी ट्रेमध्ये ठेवली की नाटक सुरू होतं, हे कळतं आणि जमतं. स्मार्ट टीव्हीच्या रिमोटवर एकेक अक्षर शोधत नाव टाइप करणं, मध्येच जाहिरात आली की ती वगळणं, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला की मागे येणं, हे त्यांना रोज कुणीतरी करून द्यावं लागेल. 'सगळं यूट्यूबवर आहे' असं म्हणताना मुलगा हे गृहीत धरतो, की ते कुणीतरी संध्याकाळी सहा वाजता घरी असेल. आपल्या हातांनी आपलं नाटक लावता येणं ही त्या वयात मोठी गोष्ट आहे. तीन हजार त्यासाठी खर्चायला मी तरी कचरणार नाही.

टीव्हीच्या मागची बाजू मोबाइलच्या टॉर्चने नीट बघा आणि फोटो काढा. तिथे तीनपैकी एक परिस्थिती असेल. एचडीएमआयची एखादी खाच रिकामी असेल तर प्रश्नच मिटला. सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार यांनी सगळ्या अडवल्या नसल्या म्हणजे झालं. दुसरी शक्यता, 'एव्ही' असं लिहिलेलं हेडफोनसारखं एकच बारीक गोल भोक. त्याला एका टोकाला चार पट्ट्यांची पिन आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल अशी जोडवायर लागते. टीव्हीच्या खोक्यात ती कधी कधी असते, तेव्हा आधी माळ्यावरचं खोकं उघडून बघा. बाजारातली कुठलीही वायर चालेलच असं नाही, कारण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. चित्र नाही आणि स्पीकरमधून नुसती घरघर, असं झालं तर पिवळी पिन लालच्या जागी लावून बघा. कधी कधी एवढ्यानेच चित्र येतं. नाही आलं तर टीव्हीच्या कंपनीचीच वायर घ्या. तिसरी शक्यता, हिरवं-निळं-लाल अशी भोकं. तिथे बऱ्याच टीव्हींत पिवळी पिन हिरव्या भोकात जाते. चित्र आलं पण काळं-पांढरं, तर टीव्हीचा सोर्स 'कंपोनंट'वर आहे, तो 'एव्ही' करा.

जुना प्लेअर दुरुस्त करून नव्या टीव्हीला जोडायचा तर 'एव्ही टू एचडीएमआय' नावाची छोटी डबी मिळते. तिच्यात लोक हमखास फसतात. 'एचडीएमआय टू एव्ही' अशी हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी डबी असते आणि ती उलट्या दिशेने काम करते. डबीच्या ज्या बाजूला पिवळं-पांढरं-लाल आहे तिथे 'इनपुट' लिहिलेलं पाहिजे. तिला यूएसबीवरून ५ व्होल्टची वीज लागते, ती टीव्हीच्या यूएसबी खाचेतून मिळते.

दुकानदाराच्या अपस्केलिंगचा हिशेब आपणच करू. डीव्हीडीवरचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फोर-के टीव्हीचा पडदा ३,८४० गुणिले २,१६० म्हणजे ८२,९४,४०० ठिपक्यांचा. बरोबर वीस पट. व्हीसीडीचं चित्र तर ३५२ गुणिले २८८, म्हणजे लाखभर ठिपके. पडद्यावर पोचेपर्यंत त्याच्या एका ठिपक्याचे ऐंशीहून जास्त होतात. ही भर कुणाला तरी घालावीच लागते. प्लेअरने नाही घातली तर टीव्ही घालतो, आणि फोर-के टीव्हीतली ती सोय साध्या प्लेअरमधल्यापेक्षा सहसा चांगली असते. जे तबकडीवर नाहीच ते दोघांपैकी कुणीच आणू शकत नाही. तेव्हा त्या एका शब्दासाठी दुप्पट पैसे देऊ नका. 'आठ-के'ची महागडी एचडीएमआय वायरही नको, दीड मीटरची साधी पुरते. फक्त ती खोक्यात येते का ते विचारून घ्या, स्वस्त प्लेअरांत बहुधा पिवळी-पांढरी-लालच दिलेली असते.

जुनी नाटकं नव्या टीव्हीवर 'आधीपेक्षा वाईट' दिसतात ती याच हिशेबामुळे, तबकडी खराब झाली म्हणून नव्हे. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमधलं शार्पनेस कमी करा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा आणि खुर्ची आठ-दहा फुटांवर ठेवा. व्हीसीडी आणि जुन्या नाटकांचं चित्र चौकोनी असतं, ते फोर-थ्रीवरच राहू द्या. पडदा भरायला ताणलं की नट बुटके आणि गरगरीत दिसतात.

खरेदीला तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा किंवा घराजवळच्या दुकानात, पण पिशवीत स्वतःच्या चार गोष्टी न्या : नाटकाची एक व्हीसीडी, एक छापील डीव्हीडी, लग्नाची एक जांभळट डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह. लग्नाची नेताना जिच्या दोन प्रती आहेत अशीच निवडा. दुकानदाराची डेमो डिस्क कुठल्याही प्लेअरवर झकास चालते, परीक्षा तुमच्या तबकड्यांची आहे. प्रत्येक तबकडी लावून शेवटचा भाग उघडायला सांगा. तबकडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे कमजोर यंत्र सुरुवातीला ठीक चालतं आणि कडेला आल्यावर अडखळतं. नाटक ऐन तिसऱ्या अंकात अडकतं ते यामुळेच. जांभळट तबकडी छापील तबकडीपेक्षा प्रकाश कमी परतवते, म्हणून ती विनातक्रार वाचणारा प्लेअर निवडा, मग नाव कुठलंही असो.

प्लेअरच्या तोंडावर प्ले, स्टॉप आणि ट्रे उघडण्याची बटणं आहेत ना ते बघा. काही मॉडेलांत ती जवळपास नसतातच आणि रिमोट हरवला की यंत्र मुकं होतं. ट्रे हलक्या हाताने हलवून बघा, फार डगडगत असेल तर दुसरा मागा. 'यूएसबी चालतं' या वाक्यावर विसंबू नका. साध्या डीव्हीडी प्लेअरची यूएसबी खाच बहुधा एमपी-थ्री गाणी, फोटो आणि जुन्या पद्धतीचे एव्हीआय व्हिडिओ चालवते, तेही पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर. मोबाइलवरचे एमपी-फोर व्हिडिओ टीव्हीच्याच यूएसबीत लावा. परदेशातल्या कुणी तिकडच्या डीव्हीडी पाठवल्या असतील तर रीजनचं, म्हणजे तबकडी कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल त्या क्रमांकाचं विचारा. भारताचा रीजन ५ आहे, अमेरिकेचा १. तिकडच्या तबकड्यांसाठी 'ऑल रीजन' प्लेअर लागेल. शिक्क्याचं बिल, वर्षभराची वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटर पुण्यात कुठे आहे ते लिहून घ्या. जुन्या बाजारातला प्लेअर स्वस्त पडेल, पण त्याची लेन्स किती तास चालली आहे ते कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या उपयोगासाठी तो नको.

घरी आल्यावर सेटिंगला अर्धा तास द्या, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी 'हा बिघडला' असं होईल. टीव्ही सिस्टिम 'ऑटो' ठेवा. आवाजाचं डिजिटल आउटपुट 'रॉ' किंवा 'बिटस्ट्रीम' असेल तर ते 'पीसीएम' करा. चित्र आहे आणि आवाज नाही, या तक्रारीचं हे नेहमीचं कारण. संवाद दबलेले आणि संगीत मात्र कानठळ्या बसवणारं असेल तर 'डाउनमिक्स' स्टीरिओवर न्या आणि 'डीआरसी' किंवा 'नाइट मोड' ही लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सोय चालू करा. वयस्कर कानांना त्याने मोठा फरक पडतो. आणि रिमोटवर 'पीबीसी' नावाचं बटण असेल ते शोधा. व्हीसीडीमध्ये ते 'ऑन' असलं की मेनू येऊन थांबतो आणि आकडा दाबायची वाट बघत बसतो. सासऱ्यांना वाटतं, अडकलं. 'ऑफ' केलं की तबकडी टाकताच नाटक सुरू.

रिमोटवर तीनच बटणं त्यांच्या कामाची आहेत. प्लेला लाल नेलपॉलिशचा ठिपका, स्टॉपला पांढरा, ट्रेच्या बटणाला दोन ठिपके. बाकीच्या बटणांवर जाड चिकटपट्टी लावा. स्टॉप एकदाच दाबायला शिकवा. बहुतेक प्लेअर एकदा दाबल्यावर जागा लक्षात ठेवतात आणि दोनदा दाबलं की विसरतात. एचडीएमआयने जोडला असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सिम्पलिंक, ब्राव्हिया सिंक किंवा अ‍ॅनीनेट प्लस अशा नावाची सोय चालू करा. प्लेअरही ती जाणत असेल तर तो सुरू करताच टीव्ही आपोआप योग्य ठिकाणी येतो आणि सोर्स बदलायची कटकट उरत नाही.

आता तो वेगळा काढलेला जांभळा ढीग. पैसे खर्चायचा क्रम माझ्या हातात असता तर मी प्लेअरच्याही आधी याला हात घातला असता. प्लेअर उद्याही मिळेल. या तबकड्यांवरचं चित्रण मात्र एका रंगद्रव्याच्या थरात साठवलेलं असतं, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर हळूहळू खराब होतो. पुण्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटाला चिकटलेली तबकडी तुम्ही पाहिलीच असेल. आज चालते म्हणून पुढच्या वर्षी चालेल, हे गृहीत धरू नका.

लागतं काय, तर कॉम्प्युटर, यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर आणि एक हार्ड डिस्क. एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. तीस तबकड्या असतील तर दीडशे जीबीच्या आत काम होतं, म्हणजे ५०० जीबीची डिस्क भरपूर झाली. तबकडी आधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका, तसा ओरखडा वाचनाच्या रेषेतच पडतो आणि प्लेअर तिथे अडकतो. मग तबकडी उघडून 'व्हिडिओ_टीएस' नावाचं पूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. फोल्डरला प्रसंग आणि वर्ष अशी नावं द्या. ही झाली मूळ प्रत, ती तशीच ठेवायची. टीव्हीवर बघण्यासाठी हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने तिचा एमपी-फोर करा आणि त्यात 'डीइंटरलेस' चालू ठेवा, नाहीतर हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. सगळं एका हार्ड डिस्कवर ठेवून निर्धास्त होऊ नका, दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी.

कॉपी मध्येच अडली तर तबकडी पुन्हा पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एका ड्राइव्हला न वाचणारी तबकडी दुसरा कित्येकदा वाचतो. कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्येच लिहिलेली तबकडी दुसरीकडे रिकामी दिसत असेल तर ती 'फायनलाइज' करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी पूर्ण करायची राहिलेली असू शकते, आणि ते काम त्याच यंत्रात करावं लागतं. तबकडीवर टूथपेस्ट वगैरे घासू नका. वरच्या बाजूला बॉलपेननेही लिहू नका. व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूला अगदी लगत असतो, तिथला ओरखडा कायमचा. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्यांच्या मधोमध सुरक्षित असतो, पण कागदी लेबल चिकटवलं की तबकडी डुगडुगायला लागते. विकतच्या डीव्हीडींवर कॉपी होऊ नये म्हणून बहुधा कुलूप असतं आणि ते तोडण्यात कायद्याचा प्रश्न येतो. त्या प्लेअरवरच लावा.

राहिला जुना प्लेअर. 'नो डिस्क' म्हणजे यंत्र मेलं, असं नसतं. आत डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर असतो आणि सीडी-व्हीसीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा वेगळा. व्हीसीडी चालते आणि डीव्हीडी नाही, असं होत असेल तर डीव्हीडीचा लेझर थकलाय आणि लेन्सचा पूर्ण भाग बदलावा लागतो. दोन्ही अडखळत असतील तर अनेकदा लेन्सवर नुसती धूळ असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा, बिलकुल दाब न देता, एवढंच तिला लागतं. ट्रे न उघडण्याचं कारण बहुतेक वेळा रबरी पट्टा सैल पडणं, ही अगदी किरकोळ दुरुस्ती आहे. मेकॅनिकने फक्त पट्टा आणि लेन्सची सफाई सांगितली तर करून घ्या, सासऱ्यांच्या खोलीत दुसरा प्लेअर म्हणून उपयोगी पडेल. लेन्स बदलायला सांगितली तर राहू द्या. ते पैसे आणि वर 'एव्ही टू एचडीएमआय' डबीचे पैसे धरले तर नव्याच्या जवळ जातात.

भंगारात द्यायचा ठरला तर तो कोरड्या कचऱ्यात टाकू नका. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा न्यायला येतात, त्यांना ई-कचऱ्याचं विचारा. पण देण्याआधी त्याचं झाकण एकदा नक्की उघडा. प्लग काढून ठेवा आणि अर्धा तास थांबा. मागच्या आणि बाजूच्या स्क्रूंनी झाकण निघतं. वीजपुरवठ्याच्या पट्टीला हात न लावता ट्रेच्या पुढच्या बाजूचं पांढरं प्लॅस्टिकचं चाक बोटाने हळू फिरवा, ट्रे बाहेर सरकेल. ट्रे अडकला त्या दिवशी आत कोणती तबकडी होती, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मुंजीची डीव्हीडी आधी तिथेच बघा.